कॅन, कुड, मे, माइट: परवानगी कुठे, शक्यता कुठे

मराठीत आपण 'मी आत येऊ शकतो का' पण म्हणतो आणि 'उद्या पाऊस येऊ शकतो' पण म्हणतो, दोन्हीकडे शकतोच, आणि डोक्यात शकतो म्हणजे कॅन एवढंच बसलेलं असल्याने इंग्रजीत घोळ होतो. म्हणून आधी बघायचं, आपण परवानगीचं बोलतोय की अंदाज बांधतोय.

परवानगीचं सोपंय. मित्राला 'कॅन आय यूज युअर फोन?' बिनधास्त विचारा, अनोळखी माणूस किंवा बॉस असेल तर 'कुड आय', आणि फारच फॉर्मल असेल तर 'मे आय'. 'कॅन आय' चुकीचं असतं असं काही जण अजून शिकवतात, पण तसं काही नाहीये, रोजच्या बोलण्यात तेच चालतं. फक्त प्रश्न कुडने विचारला तरी परवानगी देताना 'येस, यू कॅन' म्हणायचं, 'येस, यू कुड' नाही.

खरी गडबड शक्यतेत होते. 'इट कॅन रेन टुमारो' असं नाही म्हणत. उद्यासारख्या एका ठराविक गोष्टीचा अंदाज असेल तर मे, माइट किंवा कुड घ्या, 'इट माइट रेन टुमारो'. कॅन चालतो पण तो एरवी कधीकधी असं होतं हे सांगायला, जसं 'विंटर्स कॅन बी व्हेरी कोल्ड'. मे आणि माइट मधला फरक अगदी बारीक आहे, माइटमध्ये खात्री जरा कमी, पण त्यावर डोकं खपवू नका.

नकारात मात्र नीट लक्ष द्या हं. 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणजे तो कदाचित घरी नसेल, आणि 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरी असणं शक्यच नाही. कुडन्टचा अर्थही कान्टसारखाच, नुसत्या कुडमध्ये जो कदाचित असतो तो नॉट लागला की उडतो. आणि 'यू मे नॉट एंटर' ही तर सरळ मनाई आहे, त्यात कदाचित वगैरे काही नाही.

झालेल्या गोष्टीचा अंदाज असेल तर पुढे हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप, 'शी माइट हॅव मिस्ड द ट्रेन'. इथे होकारात कॅन घालू नका.

बाकी, या चौघांच्या पुढे टू लावायचं नाही, कर्ता 'ही' किंवा 'शी' असला तरी शेवटी एस नाही, आणि प्रश्नात डू डज पण नको, 'डज ही कॅन' असलं काही नसतं.