नाण्यावरचा डाग काढायचा की राहू द्यायचा?

दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनाच्या डब्यातले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छबी असलेले चांदीचे रुपये बाहेर निघतात आणि चिंच, लिंबू नाहीतर भांड्यांची पावडर लावून लखलखीत केले जातात. पूजेपुरतं ठीक आहे. संग्रहातल्या नाण्याचं मात्र त्यात कायमचं नुकसान होतं. कोऱ्या नाण्याची झळाळी ठशाच्या दाबाने पृष्ठभागावर उमटलेल्या अतिबारीक रेषांची असते. घासलं की त्या रेषा गेल्या, त्या पुन्हा येत नाहीत. म्हणून जळगावच्या सराफ बाजारात नाणं उजाळायला टाकण्याआधी थांबा.

दहापट भिंग घ्या, नाणं कडेने धरा आणि दिव्याखाली तिरकं करून फिरवा. पाहायचं एवढंच, की डाग धातूवर बसलाय की धातूचाच झालाय. कुंकू, तूप, सेलोटेपचा चिकटा हे वर बसलेले डाग, ते काढता येतात. चांदीवरचा काळसर-निळा रंग म्हणजे गंधकाशी संयोग झालेली चांदीच. तो पुसायचा म्हणजे तेवढी चांदी उतरवायची. तो राहू द्या. तांब्याच्या पैशावरचे काळे ठिपके तर धातूत खोल गेलेले असतात, खरवडले की खाली खड्डाच निघतो. असे ठिपके पुष्कळदा थुंकीच्या बारीक थेंबांनी पडतात, तेव्हा उघड्या नाण्यावर तोंड नेऊन बोलू नका.

तातडीने काढायचा डाग एकच: हिरवा, चिकट, बोटाला तेलकट लागणारा. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून तो येतो, आणि खान्देशातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात पाकीट लवकर पाझरतं. राणीछाप रुपयात चांदी 91.7 टक्के, बाकी तांबं. त्या तांब्यामुळे चांदीच्या रुपयावरही हिरवं धरतं. राहू दिलं तर ते धातू खात जातं.

यावर शुद्ध अ‍ॅसिटोन वापरा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेची वाटी घ्या. प्लास्टिकची विरघळू शकते आणि तेच नाण्यावर बसेल. खिडकी उघडी, गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद. नाणं बुडेल एवढं अ‍ॅसिटोन ओतून झाकण ठेवा, 20 ते 30 मिनिटं राहू द्या, अधूनमधून वाटी हलवा. मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवा. थर हटत नसेल तर ओला कापसाचा बोळा वरून नुसता लोळवा, दाबू नका. शेवटी तिसऱ्या, स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून काढून सुती कापडावर ठेवा. मिनिटाभरात आपोआप सुकतं, पुसू नका. जुनं हळद-कुंकू असेल तर वाटीत पिवळा रंग उतरताना दिसतो.

माती असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला, रोज पाणी बदला. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी नवे डाग पडतात. शिवराईवर, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर मात्र फार हात चालवू नका. गुळगुळीत गडद हिरवा थर पक्का असतो, त्यानेच अक्षरं टिकून राहिलेली असतात. पण फिकट हिरवी भुकटी दातकोरणीने सुटत असेल आणि काढल्यावर पुन्हा येत असेल तर तो चालू गंज आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा उपाय चांदी पांढरी करतो खरा, पण ती निस्तेज, मेल्यासारखी दिसते. अ‍ॅल्युमिनियमचे जुने पैसे, ते तीन पैशांचं नाणं वगैरे, सोड्याच्या पाण्यात कधीच घालू नका. सोडा तो धातू खातो.

साफ केलेलं नाणं पुन्हा त्याच पाकिटात टाकलं तर सगळी मेहनत वाया. माइलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. रबर बँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र जवळ ठेवू नका, तिघांतूनही गंधक सुटतो. डबा पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको, ती उन्हाने तापते. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा.