ऊसतोडीचा हंगाम लागायच्या आत: न्यूमोकोकसच्या पाळतीची तयारी

कारखान्यांची धुराडी पेटली आणि थंडी पडली की बेळगावातल्या मुलांच्या वॉर्डात खाट मिळत नाही. तेव्हा कुणालाही तयारीबद्दल सांगून उपयोग नसतो, म्हणून न्यूमोकोकसवर, म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर आणणाऱ्या जंतूवर, पाळत ठेवायची ही तयारी दसऱ्याच्या आसपासच उरकून घ्या.

आधी मोजायचं काय ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं करा. रक्तात, मणक्यातून काढलेल्या पाण्यात किंवा छातीत साठलेल्या पाण्यात न्यूमोकोकस सापडला तरच ती केस आपली. घशाचा किंवा बेडक्याचा नमुना यात नको. हा जंतू धडधाकट पोरांच्या नाकातही सुखानं नांदत असतो.

रक्तातला जंतू वाढवायच्या बाटल्या लहान मुलांच्याच मागवा. एक ते तीन मिली रक्त पुरतं, पण ते अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं हवं. खानापूर, जांबोटीकडून येणाऱ्या पोराला गावातच सुई टोचलेली असते. त्याबद्दल रागावू नका, सुई किती वाजता दिली ते लिहून घ्या. जंतू वाढला नाही तरी मणक्याच्या पाण्यावर पीसीआर (जनुक शोधायची चाचणी) करून न्यूमोकोकसचं लायटीए जनुक शोधता येतं. आणि फ्रीज! एकदा तालुक्याहून मणक्याचं पाणी बर्फाच्या डब्यात, वर टॉवेल गुंडाळून, अगदी मायेनं आलं होतं. जंतू वाढवायच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. हा जंतू थंडीत टिकत नाही, त्यामुळे बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवायची आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची.

प्लेटसाठी मेंढीचं रक्त लागतं, त्याची सोय आताच लावा. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त फुकट मिळतं खरं, पण त्यात अँटिबॉडी असतात, कधी औषधही असतं. न्यूमोकोकस ओळखायला लागणाऱ्या ऑप्टोचिन या औषधाच्या चकत्यांची तारीख बघा आणि एटीसीसी 49619 या प्रमाण जंतूवर त्या तपासून घ्या. सहा मिलीमीटरच्या चकतीभोवती 14 मिलीमीटर वा जास्त मोकळं वर्तुळ हवं. कमी भरलं तर तो जंतू पित्तक्षारात विरघळतो का ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहतीचा (ठिपक्याचा) मधला भाग कॅरमच्या सोंगटीसारखा खचलेला दिसतो. दिसायला छान, पण तो जंतू स्वतःलाच विरघळवू लागलाय, हा त्याचा अर्थ. 'सोमवारी बघू' म्हणालात तर सोमवारी हातात काही उरत नाही. त्याच दिवशी तो जंतू दूध-ग्लिसरॉलच्या दोन कुप्यांत भरून उणे सत्तरला टाका. दोन अशासाठी, की लाईट जाते.

या जंतूचे प्रकार शंभरावर आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संदर्भ प्रयोगशाळेशी प्रकार ओळखायला नमुने पाठवण्याबद्दल आधीच बोलून ठेवा. जंतू शरीरातून नेमका कुठून मिळाला ते चिठ्ठीवर हवंच, कारण जंतू पेनिसिलिनला दाद देतो की नाही हे ठरवायची मर्यादा मेंदूज्वराला वेगळी आणि न्यूमोनियाला वेगळी असते.

आता माझा हट्टाचा मुद्दा: लसीचं कार्ड. 'पीसीव्ही' म्हणजे न्यूमोकोकसची लस, पण 'पीसीव्ही दिली' एवढं लिहून भागत नाही. सिनफ्लोरिक्सही दहा प्रकारांची, पुण्याची न्यूमोसिलही दहाचीच. पण पहिलीत 4 आणि 18सी आहेत, तर दुसरीत त्यांच्या जागी 6ए आणि 19ए. प्रकार 3 दोन्हींत नाही, तो तेरा प्रकारांच्या प्रिव्हेनारमध्ये आहे. उद्या 19ए सापडला तर तो लसीला चुकवून आला, की त्या पोराला मिळालेल्या लसीत तो नव्हताच, हे नाव कळल्याशिवाय सांगणार कसं? तायी कार्डाचा (कर्नाटकातल्या आई-बाळाच्या कार्डाचा) फोटो घ्या. सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने अशा तिन्ही डोसांच्या तारखा उतरवा, आणि नाव नसेल तर आरोग्य केंद्राच्या साठा वहीतून काढा. ज्या केंद्रातल्या अक्का मराठी-कानडी दोन्ही वाचतात, तिथं हे काम चटकन होतं.

पत्ते दोन लिहा, घरचा आणि सध्याचा. चंदगडचं पोर बेळगावला येतं, निपाणीचं कोल्हापूरला जातं, तोडकऱ्यांचं तर फडावरच असतं. सीमेपलीकडच्या कोल्हापूरच्या लॅबमधल्या माणसाशी ओळख नसेल तर निपाणीच्या केसेस आपल्या वहीत कधीच दिसणार नाहीत.

आकडे वाचतानाही जपून. समजा, आधी वीस केसेस होत्या, त्यांत पंधरा लसीतल्या प्रकारांच्या. आता आठच आहेत, त्यांत लसीतल्या तीन. बाहेरच्या प्रकारांचा वाटा पंचवीस टक्क्यांवरून बासष्टवर गेला, पण केसेस तेव्हाही पाच होत्या, आताही पाचच. एवढ्यावर 'नवे प्रकार वाढले' म्हणून बोंब मारायची नाही. खरी अदलाबदलही होते. अमेरिकेत 2000 साली सात प्रकारांची लस आल्यावर 19ए खरंच वाढला होता. आपल्याकडे लस 2017 मध्ये काही राज्यांत आली, देशभर 2021 मध्ये. म्हणून त्याआधीच्या कुप्या फ्रीजरच्या तळाशी असतील तर जागेसाठी फेकू नका. किती बाटल्या तपासल्या तेही दर महिन्याला लिहा, नाहीतर जास्त रक्त काढलं म्हणून वाढलेला आकडा रोगाच्या माथी बसतो.

जंतू वाढवायचा कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर बंद पडला तर झाकणाच्या बरणीत मेणबत्ती पेटवून काम भागतं. तेव्हा एक पाकीट आणून ठेवा, पांढऱ्या, बिनवासाच्या. देवघरातल्या सुगंधी नकोत.