स्पोर्ट मोड लावला की गाडी जास्त पळते? ड्राइव्ह मोडच्या या चुका टाळा

परफॉर्मन्स गाडी घेतल्यावर पहिले काही दिवस हात सारखा मोडच्या बटणाकडे जातो. कम्फर्टवरून स्पोर्ट, स्पोर्टवरून स्पोर्ट प्लस. मीटर लाल होतो, एक्झॉस्ट घुमायला लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि शेजारी बसलेला मेव्हणा न सांगता वरचं हँडल धरतो. मजा आहे, नाही कशाला म्हणा! पण या बटणाबद्दलच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: मोड म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, जितकं वर चढाल तितकी गाडी भारी.

तसं नसतं. एका मोडच्या नावाखाली कंपनीने सहा-सात निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद, गियरबॉक्सची घाई, स्टिअरिंगचं वजन, शॉकअब्सॉर्बरचा कडकपणा, एक्झॉस्टचा आवाज, ईएससीची (घसरणारी गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीची) दक्षता आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या चाकांतली टॉर्कची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराची, वाटणी. यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक रस्त्यावर एकाच दिशेने वाढवायची नसते.

"स्पोर्टमध्ये पॉवर वाढते"

बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये वाढत नाही. बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्या. चेन्नईत जुळणी होते आणि आपल्याकडे बरीच दिसते. तिचा ५०० न्यूटन मीटर टॉर्क कम्फर्टमध्येही तेवढाच आणि स्पोर्ट प्लसमध्येही तेवढाच. आता ॲक्सिलरेटरला केबल नसते. पाय किती दाबलाय हे पेडल संगणकाला कळवतं आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे मोड ठरवतो. कम्फर्टमध्ये पेडल थोडं दाबलं तर इंजिन थोडंच उघडतं, स्पोर्टमध्ये तेवढ्याच दाबाला बरंच जास्त. म्हणून पिकअप वाढल्यासारखा वाटतो. पाय पूर्ण दाबला की दोन्हीकडे सारखंच.

खात्री करायची असेल तर मोकळ्या, सुरक्षित जागी गियर मॅन्युअलवर टाकून तिसरा धरा, एकाच वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, एकदा कम्फर्टमध्ये आणि एकदा स्पोर्टमध्ये. खरा फरक गियरबॉक्सचा असतो. स्पोर्टमध्ये तो एक-दोन गियर खाली थांबतो, इंजिन वरच्या आरपीएमवर राहतं आणि पाय दाबला की वाट पाहावी लागत नाही.

अपवाद आहेत, आणि तेही झकास आहेत. ई६० पिढीची बीएमडब्ल्यू एम५ सुरू केल्यावर सुमारे ४०० हॉर्सपॉवरच देत असे. 'पॉवर'चं बटण दाबल्यावर पूर्ण ५०७ मिळत. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर मोडप्रमाणे पॉवर खरोखरच बदलू शकते. ह्युंदाई आयोनिक ५ एन बटण दाबल्यावर १० सेकंदांपुरती ६०९ पीएसवरून ६५० पीएसवर जाते. तेव्हा आपल्या गाडीत नेमकं काय होतं ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

या चुकीचा त्रास वेगात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त होतो. स्पोर्ट लावलेला विसरून सोसायटीच्या तळघराच्या चढावर नेहमीसारखा पाय दिला की गाडी उडी घेते आणि समोर खांब असतो.

"घाटात सगळं कडक ठेवायचं"

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. घाट लागला की स्पोर्ट प्लस, शॉकअब्सॉर्बर पूर्ण कडक. आपले घाट रेसट्रॅकसारखे सपाट असते तर ठीक होतं. वळणाच्या ऐन मध्यावर डांबराचं ठिगळ, पुढे रंबलर, त्यापुढे केबलसाठी खणून कसाबसा बुजवलेला चर. कडक शॉकअब्सॉर्बरमुळे चाक या खाचखळग्यांचा आकार धरून वर-खाली होऊ शकत नाही, ते वरच्यावर उड्या मारतं. टायर रस्त्यावरून क्षणभर जरी हलका झाला तरी त्या क्षणी पकड कमी झालेलीच असते. कडक गाडी वेगवान वाटते, कारण अंगाला जास्त बसतं. वळणातून ती जास्त वेगाने जातेच असं नाही.

हे मी म्हणतो म्हणून नव्हे, गाड्या बनवणाऱ्यांचंही तेच मत आहे. आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फ आरमध्ये 'स्पेशल' नावाचा मोड आहे, खास जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफसाठी बसवलेला. सुमारे २०.८ किलोमीटरचा, चढउतारांचा, खडबडीत ट्रॅक. तिथे वेगात फिरता यावं म्हणून या मोडमध्ये शॉकअब्सॉर्बर मुद्दाम मऊ ठेवलेत, त्याच गाडीच्या 'रेस' मोडपेक्षाही मऊ. फेरारीने २००७ च्या ४३० स्कुदेरियात, जिच्या विकासात मायकल शूमाकरचा हात होता, इंजिन-गियरबॉक्स रेसवरच ठेवून फक्त शॉकअब्सॉर्बर मऊ करणारं वेगळं बटण दिलं. पुढच्या फेरारींमध्ये ते स्टिअरिंगवर आलं. इटलीतल्या डोंगरी रस्त्यांसाठी त्यांना त्याची गरज वाटली, मग वरंधा घाटाबद्दल काय बोलायचं?

उपाय 'इंडिव्हिज्युअल' मोडमध्ये आहे. या पर्यायाला फार कमी लोक हात लावतात, आणि खरं तर पैसे त्याचेच मोजलेले असतात. आपल्या रस्त्यांसाठी माझी मांडणी अशी: इंजिन स्पोर्ट, शॉकअब्सॉर्बर कम्फर्ट, स्टिअरिंग कम्फर्ट, गियरबॉक्स नॉर्मल आणि गियर स्टिअरिंगमागच्या पॅडलने हाताने बदलायचे, ईएससी पूर्ण चालू. स्टिअरिंग स्पोर्टमध्ये जड होतं, पण त्यामुळे रस्त्याची जास्त खबर हाताला मिळते असं मला कधी वाटलेलं नाही. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांमध्ये अशी मांडणी स्टिअरिंगवरच्या एम१ किंवा एम२ बटणाला लावून ठेवता येते. कडक शॉकअब्सॉर्बर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक-डेला जाल तेव्हा वापरा, तिथे ते शोभतात.

टॉर्कच्या वाटणीतही वरचा मोड म्हणजे जास्तच असं नसतं. टोयोटाच्या मूळ जीआर यारिसमध्ये नॉर्मलला पुढे-मागे ६०:४०, स्पोर्टला ३०:७० आणि त्याही वरच्या ट्रॅकला ५०:५०. म्हणजे मागून खेळकर गाडी मधल्या मोडमध्ये मिळते, ट्रॅक मोड तिला स्थिर करतो.

कोणता मोड ईएससी सैल करतो हे माहीत नसणं

या प्रणालीला बीएमडब्ल्यूत डीएससी म्हणतात, पोर्शेत पीएसएम, मर्सिडीजमध्ये ईएसपी. काही गाड्यांत सर्वांत वरचा मोड तिलाही परस्पर सैल करतो. एफ३० पिढीच्या ३ सिरीजमध्ये स्पोर्ट प्लस लावला की डीटीसी चालू होतो, म्हणजे गाडी थोडी घसरेपर्यंत संगणक मध्ये पडत नाही. मालकाला वाटतं आपण फक्त आवाज वाढवला. मीटरवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह सतत पेटलेलं दिसत असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नका.

बटणाचंही नीट समजून घ्या. बीएमडब्ल्यूत डीएससीचं बटण एकदा दाबलं तर अर्धी मोकळीक, काही सेकंद दाबून धरलं तर प्रणाली बंद. एफ९० एम५ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारा मोड डीएससी पूर्ण बंद केल्याशिवाय मिळतच नाही. मर्सिडीज-एएमजी ई६३ एसच्या ड्रिफ्ट (गाडी मुद्दाम घसरवण्याच्या) मोडसाठी रेस मोड, ईएसपी बंद, मॅन्युअल गियर आणि मग दोन्ही पॅडल ओढणं असा सगळा विधी करावा लागतो. हे चुकून लागू नये म्हणूनच अवघड ठेवलंय. सार्वजनिक रस्त्यावर यातल्या कशाचंही काम नाही.

"वेट मोड आहे, आता काळजी नाही"

पुण्याजवळच्या चाकणला २०२० मध्ये तयार होऊ लागलेली जीएलसी ४३ कूपे ही भारतात बनलेली पहिली एएमजी. तिच्यात 'स्लिपरी' मोड आहे. पावसाचा मोड ॲक्सिलरेटर सौम्य करतो, गियर लवकर वर टाकतो, ईएससीला सावध ठेवतो. म्हणजे तुमच्या पायाची चूक तो मऊ करतो. टायरची पकड जेवढी आहे तेवढीच राहते आणि ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतरही कमी होत नाही. ताम्हिणीत झाडाखालचं शेवाळ किंवा आंबोलीच्या वळणावर ट्रकने सांडलेलं डिझेल कुठल्याही मोडला आधी दिसत नाही.

९९२ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला असल्याचं ते ओळखतात. एवढं करूनही गाडी फक्त सूचना देते, वेट मोड ड्रायव्हरनेच लावायचा. टायरवरची झिजेची खूण १.६ मिलिमीटरला असते. पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नका, जोरदार सरीत अशा टायरवर गाडी पाण्यावर तरंगायला लागते.

थंड इंजिन आणि ट्रॅफिक

सकाळी गाडी काढली आणि लगेच स्पोर्ट प्लस, हे टाळा. कूलंटचा काटा लवकर मधोमध येतो, तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेलाचं तापमान दाखवणारा स्क्रीन असेल तर तो बघा, नसेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं सबुरीने घ्या. आणि सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत स्पोर्ट लावून मिळतं काय? गाडी धक्के देते, पेट्रोल पिते, आणि ड्युअल-क्लच गियरबॉक्स असेल तर इंच-इंच सरकताना क्लच तापतात.

मोडच लागत नसेल तर

गाडी बंद करून चालू केली की मोड आपोआप नॉर्मलवर येतो, ही तक्रार सर्व्हिस सेंटरला नेऊ नका. बिघाड नाही. युरोपातल्या मायलेज-प्रदूषणाच्या चाचणीत गाडी सुरू होताना जो मोड नेहमी लागतो तोच धरला जातो, म्हणून कंपन्या दर वेळी सौम्य मोडवरच परत येतात.

लाँच कंट्रोल (उभी गाडी जास्तीत जास्त जोराने सोडणारी सोय) नाकारत असेल तर इंजिन-गियरबॉक्स पुरेसे तापलेत का, स्टिअरिंग सरळ आहे का, दार आणि सीटबेल्ट लागलेत का, हे बघा. लागोपाठ दोन-चारदा वापरल्यावर गाडी स्वतःच थंड व्हायला वेळ मागते. वरचे मोड अचानक बंद झाले तर आधी टायरच्या हवेची सूचना आणि एबीएसचा दिवा तपासा. पंक्चरनंतर लावलेली बारीक स्टेपनी किंवा दमलेली बॅटरी हीही कारणं असतात. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत दोनच टायर नवे टाकले आणि बाकीचे झिजलेले ठेवले, तर चाकांच्या फिरण्यातल्या फरकाने प्रणाली गोंधळते आणि ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत टॉर्क वाटणाऱ्या भागावर, ताण येतो.

शॉकअब्सॉर्बरचा मोड बदलूनही फरक जाणवत नाही ही तक्रार जुन्या गाड्यांमध्ये हमखास निघते. खड्ड्यांनी एखादा गळायला लागलेला असतो, कुठे वायर तुटलेली असते. कधी कधी आधीच्या मालकाने महागडे ॲडॅप्टिव्ह (मोडप्रमाणे कडक-मऊ होणारे) काढून साधे बसवलेले असतात आणि चूक दाखवणारा दिवा लागू नये म्हणून छोटं मॉड्यूल जोडून ठेवलेलं असतं. स्क्रीनवर मोड दिमाखात बदलतो, खाली काही हलत नाही. सेकंडहँड घेताना एकाच स्पीडब्रेकरवरून त्याच वेगाने दोनदा जा, एकदा कम्फर्टमध्ये आणि एकदा स्पोर्ट प्लसमध्ये. दोन्ही वेळा सारखंच आपटलं तर गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, चारही शॉकअब्सॉर्बरना वायर जोडलेली आहे का ते स्वतः बघा, आणि बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.