गाठींची बायोप्सी ठरली आहे? अमायलॉइडची शंका असेल तर ही तयारी

फुप्फुसात गाठी दिसल्या की आपल्याकडे आधी टीबी, मग कॅन्सर, हा क्रम ठरलेला. चुकीची घडी पडलेली प्रथिनं, म्हणजेच अमायलॉइड, साचूनही गाठी होतात, हे बहुतेकांना बायोप्सीनंतरच कळतं. म्हणून आधी घरातली जुनी एक्स-रे-सीटीची पाकिटं शोधा. नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी हवी. या गाठी वर्षानुवर्षं अगदी संथ वाढतात, कधी त्यांत कॅल्शियमही साचतं. पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारख्या त्याही चमकू शकतात, त्यामुळे मला जुनी फिल्म जास्त मोलाची वाटते. डोळे-तोंड सतत कोरडं पडत असेल तर आवर्जून सांगा. शोग्रेन (असा कोरडेपणा आणणारा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यानं होणारा आजार) आणि या गाठी बरेचदा सोबत असतात.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, पण मनानं काही बंद करू नका. प्लेटलेट, पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी झालेल्या हव्यात. अमायलॉइडमध्ये रक्त गोठवणारा दहावा घटक कधीकधी कमी पडतो. सुईनं छातीत हवा साठू शकते, म्हणून सोबत कुणीतरी असू द्या आणि नंतरचा एक्स-रे झाल्याशिवाय निघू नका.

आता खरी मेख. तुकडा तपासताना लॅबमध्ये देतात त्या नेहमीच्या रंगात अमायलॉइड नुसतं गुलाबी दिसतं; ते ओळखायला काँगो रेड हा खास रंग लागतो. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘अमायलॉइडची शंका, काँगो रेड करावा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, संकोच कशाला? ध्रुवीकृत प्रकाशात हिरवी झाक दिसली की अमायलॉइड. साचलेलं दिसतंय पण काँगो रेड निगेटिव्ह, तर लाइट चेन डिपॉझिशनचा (अँटीबॉडीचे तुकडे अमायलॉइड न बनता साचण्याचा) विचार करावा लागतो. त्याच तुकड्यात माल्ट लिम्फोमा (लसिका पेशींचा एक संथ कॅन्सर) नाही ना, हेही पाहायला सांगा. प्रथिन नेमकं कुठलं, हे मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रथिनं ओळखणाऱ्या तपासणीनं ठरतं आणि ती सोय सगळीकडे नसते. तेव्हा दुसऱ्या लॅबला पाठवायला पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कसा मिळेल, हे लॅबला आधीच विचारून ठेवा.

गाठीच्या रूपातला हा आजार बहुधा फुप्फुसापुरताच असतो आणि मग अनेकदा नुसतं लक्ष ठेवलं जातं. पण ते गृहीत धरायचं नाही. आजार इतरत्र नाही ना, हे पाहायला या तपासण्या लागतात: रक्तातल्या फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (दोन्ही अमायलॉइड बनवू शकणारं प्रथिन शोधायला), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), टूडी एको आणि 24 तासांची लघवी. या शेवटच्या तपासणीत सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली कॅनमध्ये धरायची.