दुबईत बसून शेंगेन व्हिसा काढताय? या चुका टाळा, नाहीतर पासपोर्ट अडकून बसेल

जानेवारीत आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे दुबईला आले होते, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. माझ्या डोक्यात आलं की मार्चमध्ये पोरांना सुट्टी आहे तर इथूनच सगळे मिळून पॅरिस-स्वित्झर्लंड करून येऊ. सगळ्यांची अपॉइंटमेंट एकत्र घेतली, फोटो काढले, टायपिंग सेंटरवाल्याने फॉर्म भरून दिले, आणि व्हिसा सेंटरच्या खिडकीवरच्या बाईने बाबांचा पासपोर्ट उघडून पहिलाच प्रश्न विचारला, यांचा एमिरेट्स आयडी कुठे आहे? नव्हताच, एमिरेट्स आयडी म्हणजे यूएईच्या रहिवाशांचं ओळखपत्र, आणि हे तर पाहुणे. दहा मिनिटांत आई-बाबा बाहेरच्या खुर्च्यांवर जाऊन बसले आणि मी आत फाईल हातात धरून उभा.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. जिथे आपण आत्ता आहोत तिथून अर्ज करता येतो असं आपण गृहीत धरतो. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, नियमात अर्ज करायचा तो जिथे तुम्ही कायदेशीर रहिवासी आहात तिथून. नुसते कायदेशीरपणे हजर आहात, म्हणजे फिरायला आलाय, तर इथूनच अर्ज का करावा लागतोय याचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं, आणि 'मुलाकडे आलोय, जाता जाता युरोप बघून घेतो' हे बहुतेक वेळा कुणी कारण म्हणून धरत नाही. न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या आई-वडिलांचं पण हेच होतं, परतीच्या वाटेवर लंडन-पॅरिस करू म्हणतात आणि शेंगेनचा अर्ज तिकडे बहुतेक घेत नाहीत.

यावर उपाय अगदी साधा आहे पण घरून निघायच्या आधी करायचा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो (2020 आधी 3 महिनेच होते), म्हणजे आई-बाबांचा व्हिसा मुंबईतूनच काढून घ्या, मग त्यांनी दुबईला यावं, महिनाभर राहावं आणि इथून युरोपला जावं, काही अडत नाही. शिवाय एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळी सवलत आहे, मागच्या 3 वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा 2 वर्षांचा मल्टिपल एंट्री (अनेकदा ये-जा करता येणारा) व्हिसा मिळू शकतो. आपण गल्फवाले भारतीयच, पण ही सवलत भारतात राहणाऱ्यांना, आपल्याला नेहमीचे नियम. म्हणजे पासपोर्ट तोच, रंग तोच, फक्त पत्ता वेगळा!

आता इथे राहणाऱ्यांच्या चुका. पहिली म्हणजे रेसिडेन्सी (इथे राहायचा परवाना) संपत आलेली असताना अर्ज टाकणं. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालू पाहिजे आणि 10 वर्षांच्या आतला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं, पण यूएईची रेसिडेन्सी पण साधारण तेवढीच पुढे असावी लागते हे लक्षातच येत नाही, कारण ती कंपनीचा पीआरओ (सरकारी कागदपत्रं सांभाळणारा माणूस) बघतो, आपण कुठे बघतो. दोन महिन्यांत संपणार असेल तर आधी रिन्यू करा, मग अपॉइंटमेंट. 'रिन्यूवल चालू आहे' असं पत्र जोडून बघणारे असतात, त्यातले बरेच नंतर बोटं मोडत बसतात. आणि 2022 पासून पासपोर्टवर रेसिडेन्सीचा स्टिकर येत नाही, एमिरेट्स आयडी हाच पुरावा, त्यामुळे दोन्ही बाजूंची कॉपी लागतेच. पासपोर्ट नवा केला असेल तर जुना सोबत न्या आणि इथल्या रेकॉर्डमध्ये नवा नंबर आधी अपडेट करून घ्या.

बँक स्टेटमेंटची गंमत तर आपल्या लोकांची खास आहे. पगार आला की चार दिवसांत गावाकडे, होम लोनला, एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या भारतातल्या) खात्यात. महिनाअखेरीला इथल्या खात्यात दोनशे दिरहम. पैसा आहे हो, पण त्या स्टेटमेंटवर दिसत नाही ना. मग कुणीतरी सांगतं की मित्राकडून वीस हजार दिरहम घेऊन टाक, आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम फुगवटा दिसतो. हे करू नका, तपासणाऱ्याला ते पटकन कळतं आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवर पण संशय येतो. त्यापेक्षा इथलं सॅलरी अकाउंट आणि भारतातलं एनआरई अकाउंट दोन्हीची स्टेटमेंट जोडा, सोबत चार ओळींचं पत्र की पगार इथे येतो आणि दर महिन्याला एवढे तिकडे पाठवतो. दोन्हीकडच्या तारखा जुळल्या की विषय संपला.

नावांचा घोळ मराठी घरात हमखास. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये आपलं आणि वडिलांचं नाव एकत्र, तिकिटावर नुसतं पहिलं, एनओसीवर (कंपनीच्या ना-हरकत पत्रावर) एचआरने तिसरंच काहीतरी. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि पोरांच्या पासपोर्टवर आईचं नाव सासरचं, असं आमच्या ओळखीत दोन घरांत आहे. मॅरेज सर्टिफिकेट जोडा आणि ते नुसतं मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या. फॉर्म टायपिंग सेंटरवाला भरत असेल तरी सही करायच्या आधी स्वतः एकेक अक्षर वाचा, माझ्या एनओसीवर सुट्टीच्या तारखा एक आठवडा चुकल्या होत्या आणि ते मला कळलं कधी, तर कॉन्सुलेटचा मेल आला तेव्हा.

अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचा हा पण एक लाडका शॉर्टकट. नियम असा की जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. पॅरिसचे 6 दिवस आणि अथेन्सचे 2 असा प्लॅन असून ग्रीसकडे गेलात तर ते 'आमचा अर्जच नाही' म्हणून परत करू शकतात. व्हिसा फी (जून 2024 पासून 90 युरो) त्यात परत मिळते, पण अपॉइंटमेंटची वाट बघण्यात गेलेले आठवडे कोण देणार.

उशिराचं गणित पण नीट समजून घ्या. 15 दिवस म्हणतात ते कॅलेंडरचे, आणि अर्ज कॉन्सुलेटने ग्राह्य धरल्यापासूनचे, तुम्ही फी भरली तेव्हापासूनचे नाहीत. गरज वाटली तर ते 45 दिवसांपर्यंत नेऊ शकतात. म्हणजे प्रवासाच्या 15 दिवस आधी अर्ज चालतो हे नियमात बरोबर असलं तरी प्रत्यक्षात वेडेपणा आहे. मी तरी आता अडीच-तीन महिने आधी टाकतो. तोवर रद्द करता येणारं हॉटेल, आणि तिकिटाचं फक्त रिझर्वेशन, पैसे भरलेलं तिकीट नाही.

आणि या काळात पासपोर्ट बहुतेक तिकडेच असतो. गावाकडून वाईट बातमीचा फोन आला तर? हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाने अर्ज देतानाच खिडकीवर विचारायला पाहिजे, की मध्येच पासपोर्ट हवा असेल तर काय करायचं. काही ठिकाणी परत देतात, काही ठिकाणी अर्ज मागे घ्यावा लागतो.

15 दिवस उलटले की आधी स्पॅम फोल्डर बघा, जादा कागद मागितल्याचा मेल तिथे पडलेला असतो. नसेल तर रेफरन्स नंबर टाकून एकच नीट मेल करा. रोज मेल, एजंटचे फोन, दुसऱ्या देशाकडे समांतर अर्ज, यातलं काहीही करू नका.

अमेरिकेच्या व्हिसासाठी बँकॉक-दुबई गाठायचा प्लॅन असेल तर तो सोडा. 2023 मध्ये भारतातली वेटिंग दीड वर्षाच्या वर गेली होती तेव्हा खुद्द दूतावासच म्हणत होता की बँकॉकला बघा, पण सप्टेंबर 2025 पासून नियम बदलला, आता आपल्या देशात किंवा जिथे रहिवासी आहात तिथेच मुलाखत द्या म्हणतात, आणि 185 डॉलरची फी परत मिळत नाही.

आमचं काय झालं ते राहिलंच. आई-बाबा पुण्याला परत गेले, मुंबईत अर्ज केला, बाराव्या दिवशी पासपोर्ट घरी. आमच्या फाईलचं स्टेटस तेव्हा अजून अंडर प्रोसेस, त्या एनओसीच्या तारखांमुळे. बाबा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, काय रे, तुमचं आलं का?