गावचं घर आणि निवृत्तीची घाई: या चुका टाळा

मार्चअखेर निवृत्त व्हायचं, एप्रिलात मुंबईची जागा मुलाच्या हवाली करायची आणि मिरगाच्या आत गावचं घर 'राहण्यासारखं' करून टाकायचं, हा बेत दरवर्षी कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या वाडीत शिजत असतो. चाळीस वर्षं मे महिन्यात आणि गणपतीला येऊन गेलेल्या चाकरमान्याला वाटतं, घर आपल्याला पाठ आहे. पाठ असतं ते उन्हाळ्यातलं घर. जुलैत कुठली भिंत ओलावते, आडवा पाऊस कुठल्या पडवीत शिरतो, परसातलं पाणी कुठून ओटीकडे येतं, हे त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही, की एकही अख्खा पावसाळा घरात न काढता गवंडी बोलावणं. पहिल्या वर्षी शाकारणी (छपराची कौलं चाळून नीट बसवणं), वायरिंग आणि संडास-मोरी एवढंच करावं. बाकीचं सगळं जुलै पाहून.

हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: 'आता हातात पैसे आहेत, परत परत कोण काम काढणार?' पी हळद आणि हो गोरी. परत काम काढावंच लागतं, फक्त दुप्पट खर्चाने.

सिमेंटचा गिलावा आणि पीओपीचं छत

या जोडीने नासवलेली जुनी घरं मोजायला बसलं तर वाळवीलाही लाज वाटेल.

कोकणातली जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, आणि जांभा हा लाल, सच्छिद्र दगड आहे. पावसाळाभर तो पाणी पितो, जमिनीतली ओलही वर ओढतो आणि दिवाळीनंतर सावकाश सोडून देतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. घट्ट सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद. मग ती जिथे फट मिळेल तिथून निघते, येताना खार घेऊन येते, आणि रंगाला फोड येतात. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफिंग कमी पडलं, अजून एक कोट मारू. म्हणजे अजून एक झाकण.

एका वाडीतल्या शंभरीच्या चौपाखी (चार उतारांच्या छपराच्या) घराचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. जोडपं मार्चात आलं. शहरातून कंत्राटदार आणला. ओटी-माजघराच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट, सारवलेल्या जमिनीवर चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या, माळ्याच्या फळ्या काढून पीओपीचं छत, त्यात गोल दिवे. भिंत आणि कौलं यांच्यामधली हवेची फट 'साप-उंदीर येतात' म्हणून विटांनी बुजवली. मेच्या शेवटच्या आठवड्यात वास्तुशांत झाली, गाव जेवलं, फोटो निघाले.

जूनच्या मध्यावर लाद्यांना घाम सुटला. फरशी इतकी ओली, की बाईंनी पायपुसणी सोडून गोणपाट अंथरले. जुलैत भिंतीचा रंग खालून दोन-अडीच फुटांपर्यंत पापडासारखा सुटला. छतावर एक पिवळट डाग उठला, तो रंगाऱ्याने पांढऱ्या रंगाने झाकला. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या चार दिवस आधी, त्याच जागी छताचा पत्रावळीएवढा तुकडा माजघरात येऊन पडला. वर चढून पाहिलं तर काय? पन्हळीशेजारचं एक कौल चार बोटं घसरलेलं. एक कौल! उघडा माळा असता तर पहिल्याच दिवशी थेंब दिसला असता, खाली तांब्या ठेवून दुसऱ्या दिवशी कौल सरकवलं असतं. छताने दोन महिने तो थेंब लपवला आणि तोवर दोन वासे भिजून काळे पडले.

ते घर पुढे सुधारलं. दिवाळीनंतर खालचा चार फूट गिलावा टाचून काढला आणि भिंत फेब्रुवारीपर्यंत उघडी ठेवली. इथेच लोकांचा धीर सुटतो. पंधरा दिवसांत 'सुकली वाटते' म्हणून परत थापतात. जांभ्याची जाड भिंत पंधरा दिवसांत सुकत नाही. मग चुन्याचा गिलावा केला, एक भाग भिजवून मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू. चुना निदान पंधरा दिवस पाण्यात मुरलेला हवा. सकाळी भिजवून दुपारी थापला तर भिंतीवर फुटाण्यासारखा फुटतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत नसेल तर एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू हा मधला मार्ग चालतो. वर चुन्याचाच रंग. बाहेरून तर गिलाव्याची गरजच नाही. चिरा उघडा ठेवून दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, भरल्या की झालं, आणि दिसतोही देखणा. वाळू मात्र नदीची किंवा क्रशरची. खाडीची स्वस्त वाळू घेतली तर मीठ भिंतीत आपल्याच हाताने भरल्यासारखं आहे, आणि स्लॅबमध्ये गेली तर आतल्या सळ्या खाते.

भिंत ओली आहे की खोलीतली हवा दमट आहे, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला धरले तर हवेतली. हवेतली असेल तर गिलावा फोडू नका, बुजवलेल्या फटी उघडा. साप-उंदरांसाठी तिथे बारीक स्टीलची जाळी ठोकली की काम भागतं.

कौलांवर चढणारे आणि डांबर फासणारे

गळती जिथे टपकते तिथे भोक नसतं. पाणी वाशावरून किंवा रिपेवरून (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवरून) वाहत येतं आणि सोयीच्या जागी पडतं. भोक शोधायचं आढ्याच्या दिशेने, टपकण्याच्या जागेच्या वर. पाऊस चालू असताना माळ्यावर बॅटरी घेऊन ओल्या वाशाचा माग काढा, खडूने खूण करा आणि उघडीप झाली की काम करा. उन्हाच्या दिवशी दिवे बंद करून बघितलं तर फुटक्या कौलातून उजेडाची टिकली दिसते.

एक-दोन कौलं बदलायला छपरावर चढावं लागत नाही. माळ्यावर स्टूल ठेवून आतूनच होतं. फुटक्याच्या वरच्या रांगेतलं कौल खालून तळहाताने उचलून चार बोटं वर सरकवायचं. फुटकं उचललं की त्याचं नाक, म्हणजे खालचा अडकणारा उंचवटा, रिपेवरून सुटतं, मग ते तिरकं करून आत घ्यायचं. नवं त्याच वाटेने बाहेर काढून शेजारच्या कौलाच्या खाचेत बसवायचं, नाक रिपेवर नीट अडकलंय का हाताने चाचपायचं, आणि वरचं परत खाली ओढायचं. पाच मिनिटांचं काम. साठी उलटलेल्या माणसाने शेवाळलेल्या कौलांवर पाय ठेवणं हा निव्वळ आडमुठेपणा. पाय घसरतो तो वेगळा, आणि एक कौल बदलायला गेलेला माणूस येताना सहा फोडून येतो.

डांबर, एमसील, सिमेंटचा लपका यातलं काहीही कौलाला लावू नका. चिकटलेलं कौल पुढच्या शाकारणीला सरकत नाही, फोडूनच काढावं लागतं.

नवी कौलं आणताना जुन्यातलं एक सोबत न्या. मंगलोरी कौलांचे कारखाने एकोणिसाव्या शतकापासून निघत आले आणि प्रत्येकाचा साचा थोडा निराळा. पाव इंचाचा फरक असला तरी खाच बसत नाही आणि आडव्या पावसात तिथूनच पाणी येतं. कौलाच्या पाठीवरचा छाप जुळवावा. विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत तडा आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. त्याखेरीज पन्नासेक जादा घेऊन पडवीच्या कोपऱ्यात उभी रचून ठेवा. आडवी रचली तर खालची फुटतात.

शाकारणी मेच्या मध्यापर्यंत उरकावी. 'अजून पाऊस कुठे आलाय' म्हणत जूनवर ढकललं की गडी मिळत नाही, कारण सगळी वाडी त्याच गड्याच्या मागे असते. छपरावर गेलेल्याकडून पन्हळ झाडून घ्या. कौलं सगळी शाबूत असून घर गळत असेल तर पन्हळीत पाला अडकलेला असतो.

माकडांच्या त्रासाने कौलं काढून पत्रे घालणाऱ्यांना नावं ठेवता येत नाहीत. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा उडालेल्या पत्र्यांनी काय केलं ते रायगडात नि दापोली-मंडणगडात लोकांनी पाहिलंय. पत्रे घालायचेच तर कडेच्या आणि कोपऱ्यांच्या ओळीत हुक दुप्पट लावा. वारा पत्रा तिथूनच उचलतो.

विहिरीत मूठभर ब्लिचिंग

'टाकलं दोन मुठी' हे माप नव्हे. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त झालं तर चार दिवस चहा प्यायचा नाही. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास, गुणिले खोली, गुणिले 3.14, भागिले 4 म्हणजे घनमीटर, आणि एका घनमीटरात 1000 लिटर. चांगल्या ताज्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम. पावडर कोरडी टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. खाली बसलेला चुना टाकून द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा आणि कळशी खालीवर करून पाणी हलवा. रात्री जेवणं झाल्यावर हे करावं, सकाळपर्यंत पाणी तयार. गेल्या वर्षीची उघडी राहिलेली पिशवी वापरू नका, तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

मेमध्ये पाणी तळाला गेलं की पंप कोरडा फिरून जळतो. ड्राय रनचं संरक्षण असलेला स्टार्टर बसवा.

पडणं

मुलं पुण्यात बसून वडिलांच्या बीपीची काळजी करतात. पावसाळ्यात खरा धोका असतो खळ्यातल्या आणि विहिरीकडे जाणाऱ्या चिऱ्यांवरच्या शेवाळाचा. म्हातारपणी मोडलेल्या खुब्याने माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. दहा लिटर पाण्यात शंभरेक ग्रॅम ब्लिचिंग, वीस मिनिटं ठेवून ताठ खराट्याने घासायचं, जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला. ते पाणी विहिरीकडे वाहू देऊ नका, आणि त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मोरीत हाताला धरायला दांडा बसवताना नेहमीचे फास्टनर जांभ्यात ठोकू नका. दगड भुसभुशीत, महिन्याभरात दांडा हातात येतो. बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन मागून पट्टी लावा.

रचलेले चिरे, लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग भिंतीला टेकून ठेवू नका, तिथे फुरसं हा विषारी साप बसतो. चावलाच तर बांधणं, कापणं, मंत्र काही नको. पाय हलवू न देता 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा.

बाकीच्या, थोडक्यात

पावसात आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणारा वायरमन दारात उभा करू नका. एकेका लायनीचे एमसीबी स्विच सगळे बंद करून एकेक चालू करा. ज्याने पडला त्या लायनीत दोष, आणि तो बहुतेक वेळा अंगणातल्या दिव्यात, गिझरात नाहीतर पंपात सापडतो. अर्थिंगचा खड्डा कोरड्या कातळात घेऊन उपयोग नाही, मोरीचं पाणी मुरतं तिथे घ्या.

खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी स्क्रू गंजतात. पितळी किंवा स्टेनलेस 316 घ्या.

वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावणं जुनं आणि चांगलं, पण हातमोजे घालून. कातडी भाजते.

उत्साहाच्या भरात दहा-दहा फुटांवर माड लावू नका. दोन माडांत साडेसात मीटर हवेत आणि घरापासूनही तेवढेच. नाहीतर नारळ काढणारा पाडेली येण्याआधी नारळच कौलं उतरवतील.

आणि एक घरातली गोष्ट. घरपट्टी आपण भरतो म्हणून घर आपलं, हा समज सोडा. ग्रामपंचायतीचा उतारा म्हणजे मालकी हक्क नव्हे. 7/12 वर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करा. सामाईक घरावर खर्च करण्याआधी सगळ्या भावंडांना, बहिणींनाही, काय करणार आणि अंदाजे किती लागणार ते लेखी कळवा. पावत्या एका वहीत चिकटवत जा. 'आम्हाला विचारलं कुठे?' हा प्रश्न काम पूर्ण झाल्यावरच येतो, आणि बहुधा गणपतीत, सगळी जेवायला बसलेली असताना.