हॅम शॅकचा लिनक्स गेटवे: या चुका टाळा

हॅम शॅक म्हणजे हौशी रेडिओवाल्याची खोली, आणि गेटवे म्हणजे तिथला रेडिओ नि नेटवर्क जोडणारा संगणक. त्याची फायरवॉल म्हटलं की नवशिक्याला एकच भीती, इंटरनेटवरून कुणी घुसेल. मग इनपुटला, म्हणजे आत येणाऱ्याला, सात कुलपं आणि आउटपुट, म्हणजे बाहेर जाणारं, सताड उघडं. अरे, आपल्या डब्यातून निघालेलं पॅकेट पीटीटी, म्हणजे रेडिओचं बोलायचं बटण, दाबतं, त्याचं काय?

मी हे भोगलंय. भुसावळचा मे महिना. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला टीएनसी (रेडिओचा मोडेम) जोडला, एएक्स-झीरो हा रेडिओकडे जाणारा इंटरफेस उभा केला, आयपी पत्ता दिला आणि जेवायला उतरलो. कळण्याच्या भाकरीचा दुसरा घास घेतोय तोच चोपड्याच्या मित्राचा फोन: "काय भो, तुना रेडिओ येडा व्हई गया का?" गच्चीवरच्या खोलीत पळालो. माईक खुंटीवर, आणि सेटचा लाल दिवा आपला आपणच लागतोय, विझतोय. पत्र्याखाली आधीच तवा तापलेला. हीटसिंकला बोट लावलं नि चटका बसला.

चोर निघाला अवाही. इंटरफेस दिसला की ही सेवा एमडीएनएसची, म्हणजे नेटवर्कवर आपलं नाव सांगत फिरण्याची, दवंडी पिटते. जोडीला प्रिंटर शोधणारा कप्स, कारण घाईत मी डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकली होती. वायफायवर हे कुणाला कळतही नाही. पण १२०० बॉडवर ३०० बाइटचं पॅकेट म्हणजे २ सेकंद चॅनल अडला, वर टीएक्स डिले (डेटा सुरू होण्याआधीचा थांबा) वेगळा. आणि प्रत्येक फ्रेमवर कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळख, माझा!

आता मी गेटवेवर अवाही ठेवतच नाही. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये आउटपुट आणि फॉरवर्ड (इतर मशीनचं पुढे जाणारं), दोन्हीकडे एएक्स-झीरोवर लागेल तेवढंच उघडायचं, बाकी सगळं ड्रॉप. एपीआरएसच्या (हॅमवरचे ठावठिकाणा नि छोटे संदेश) शुद्ध एएक्स.२५ फ्रेम, म्हणजे आयपी नसलेली रेडिओ पॅकेटं, या नियमांतून जातच नाहीत, त्यामुळे ती पुन्हा प्रसारित करणारा डिजिपीटर बंद पडत नाही. फॉरवर्ड विसरलात तर घरातल्या मोबाइलचं कूटबद्ध एचटीटीपीएस हवेत जाऊ शकतं. मजकूर दडवून पाठवणं हॅम बँडवर चालत नाही.

दुसरी चीड कॉपी-पेस्टची. जुन्या कृतींमध्ये ४४.०.०.०/८ हा आयपी पत्त्यांचा अख्खा पट्टा हॅम मंडळींचा म्हणून आत घ्यायला सांगितलेला असतो. त्यातला ४४.१९२.०.०/१० तुकडा २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनला विकला गेला. म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर भाड्यानं घेतलेला कुणीही तुमच्याकडे हॅम म्हणून शिरणार. नियमात ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० एवढंच लिहा.

एकोलिंकचे (इंटरनेटवरून हॅम रेडिओ जोडणारं सॉफ्टवेअर) यूडीपी पोर्ट ५१९८, ५१९९ राउटरवर फॉरवर्ड करूनही कुणी जोडलं जात नाही? राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर इंटरनेट कंपनीनं तुम्हाला सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच पत्त्यामागे, ठेवलंय. पोर्ट उघडत बसू नका, एकोलिंकची प्रॉक्सी (मधला सर्व्हर) वापरा.

एकाच डब्यात आयपीटेबल्स (फायरवॉलचं जुनं साधन) आणि एनएफटेबल्स यांची खिचडी नको.

लांबच्या मशीनवर एसएसएचमधून (दुरून लॉगिन करून) मूळ पॉलिसी 'ड्रॉप' अशी ठेवण्याआधी, ५ मिनिटांनी जुने नियम परत आणणारी कमांड लावून ठेवा. यावलजवळच्या मळ्यातला डबा मी असाच बंद केला होता. भर दुपारी मोटरसायकलवर जाऊन कीबोर्ड लावावा लागला.

आणि नियम फाइलीत साठवा, एनएफटेबल्सची सेवा एनेबल करा. आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, आणि लाइटीबरोबर न साठवलेले नियमही जातात. मी शेवटी रीबूट करतो, पुन्हा लॉगिन होऊन रूलसेट वाचतो, आणि मगच अँटेनाची केबल लावतो. तोवर सेटला डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती हवेत न सोडता जिरवणारा भार.